जुन्या व्हिडिओ गेमांचे कोश आणि त्यांचे स्वप्रकाशक

कोश रचावयास बसलेल्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अर्थाचा नव्हे, नोंदीचा. कोणते रूप शीर्षस्थानी धरावयाचे, कोणते त्याच्या पोटात घालावयाचे आणि कोणते वगळावयाचे, याचा निर्णय झाल्यावाचून लेखणी पुढे सरत नाही. शब्दकोशकारांनी या प्रश्नाचा ऊहापोह शतकानुशतके केला आहे, आणि त्या कामी विद्यापीठे, विद्वत्सभा, सरकारी अनुदाने यांचे थोडेफार पाठबळ त्यांना लाभत आले आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हाच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे घरच्या दूरचित्रवाणीसंचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमांच्या क्षेत्रात, उपस्थित झाला; आणि तेथे मात्र तो हाती घेण्यास कोणतीही विद्यासंस्था पुढे आली नाही. तो हाती घेतला हौशी संग्राहकांनी. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून त्यांनी याद्या केल्या, त्या पदरचे पैसे घालून छापल्या आणि स्वतःच विकल्या. आज या खेळांचा इतिहास लिहिणारा प्राध्यापक ज्या नावांनी व ज्या सनावळीने बोलतो, त्यांतील बराच भाग या स्वप्रकाशित ग्रंथांनी घडविलेला आहे. हे ऋण विद्यापीठीय लेखनात पुरेशा मोकळेपणाने मान्य केले जात नाही.

असा कोश निर्माण करण्याची वेळ हौशी मंडळींवर का यावी, हे समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका पाहणे अवश्य आहे. घरगुती व्हिडिओ गेमचे पहिले यंत्र, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ऑडिसी, १९७२ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. त्याच वर्षी अटारी कंपनीचा नाणे टाकून खेळावयाचा पाँग हा खेळ निघाला. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने चॅनल एफ हे यंत्र काढले व त्याबरोबर खेळ यंत्रापासून वेगळा झाला. तो एका लहानशा पेटीत बंद होऊन दुकानात स्वतंत्रपणे विकला जाऊ लागला. इंग्रजीत या पेटीला कार्ट्रिज म्हणत. आपल्याकडील मुलांनी पुढे तिला 'कॅसेट' म्हटले, आणि तोच शब्द येथे वापरणे सोयीचे होईल. १९७७ साली अटारीचे व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम हे यंत्र आले आणि पाच-सहा वर्षांत त्याच्यासाठी शेकडो कॅसेटी निघाल्या. मग १९८३ साली बाजार कोसळला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमांची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे ३.२ अब्ज डॉलर होती व १९८५ पर्यंत ती १० कोटींवर आली, असा आकडा या इतिहासात नेहमी दिला जातो. न विकलेला माल अटारीने न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. २०१४ साली ती जागा उकरली तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या. जुलै १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमियल यांना विकला गेला.

कंपनी विकली जाते तेव्हा तिचे नाव, तिची यंत्रे आणि तिचे देणेघेणे हस्तांतरित होते; तिचे दप्तर होतेच असे नाही. कोणता खेळ कोणी लिहिला, तो कोणत्या महिन्यात दुकानात गेला, कोणता जाहीर होऊनही निघालाच नाही, ही माहिती ज्या फायलींत होती त्या पांगल्या, काही कचऱ्यात गेल्या. अटारीचे टाकून दिलेले कागद पुढे गोळा केले ते कर्ट व्हेंडेल यांच्यासारख्या खाजगी संग्राहकांनी. या खेळांना वाहिलेले एक चांगले मासिक, १९८१ साली सुरू झालेले इलेक्ट्रॉनिक गेम्स, तेही १९८५ साली बंद पडले. म्हणजे मूळ दप्तर नाही आणि नियतकालिकही नाही, अशी स्थिती बाजार कोसळल्यावर दोनच वर्षांत आली. उरल्या त्या कॅसेटी. जुन्या बाजारात, घरांच्या माळ्यांवर आणि संग्राहकांच्या कपाटांत.

प्रतिष्ठित प्रकाशकांनी या विषयावर काहीच काढले नाही असे नव्हे. स्कॉट कोहेन यांचे झॅप! हे अटारीच्या उदयास्ताचे पुस्तक १९८४ साली आणि डेव्हिड शेफ यांचे निन्टेन्डो कंपनीवरील गेम ओव्हर १९९३ साली निघाले. दोन्ही पुस्तके वाचनीय आहेत. परंतु ती व्यापाराच्या कथा सांगतात. एखाद्या खेळाचे नाव, निर्माता व साल शोधण्यासाठी ती उघडणाऱ्याची निराशा होते. व्यापारी प्रकाशकाला कथा विकता येते, यादी विकता येत नाही, हे त्याचे गणित होते आणि त्या काळी ते चुकीचेही नव्हते.

ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातील सर्वांत महत्त्वाचे नाव न्यू जर्सीतील लेनर्ड हर्मन यांचे होय. त्यांचा फीनिक्स हा ग्रंथ १९९४ साली त्यांच्याच रोलेन्टा प्रेस या संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. कोहेन यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'उदय आणि अस्त' असा क्रम होता. हर्मन यांनी तो मुद्दाम उलटवून 'अस्त आणि उदय' असा केला. दहा वर्षांच्या अंतराने एकाच विषयावर लिहिणाऱ्या दोघांनी दोन शब्दांची अदलाबदल करावी, यात त्या दहा वर्षांचा सारा इतिहास आला. कारण मधल्या काळात निन्टेन्डोच्या यंत्राने मेलेला धंदा पुन्हा जिवंत केला होता. फीनिक्सची मांडणी कालानुक्रमे आहे. कोणते यंत्र केव्हा आले, त्याच्या मागे कोण होते, त्याच्याशी कोण झुंजले, हे ओळीने सांगितलेले आहे. भाषाशैलीच्या दृष्टीने ग्रंथ साधा, किंबहुना रुक्ष आहे. पण तो इतिहासाचे पुस्तक आणि संदर्भग्रंथ अशी दोन्ही कामे करतो. पुढे त्याच्या आवृत्त्या वाढत गेल्या आणि तो चौथ्या आवृत्तीपर्यंत पोहोचला. १९९६ साली हर्मन यांनी केवळ अटारीच्या कॅसेटींची वर्णानुक्रम सूची, एबीसी टु द व्हीसीएस, स्वतंत्रपणे काढली. खऱ्या अर्थाने कोश म्हणावा तो हाच.

या सूचीपुढील अडचणी पाहिल्या म्हणजे तिच्या कर्त्याविषयी आदर वाढतो. पहिली अडचण समानार्थी नावांची. अटारी आपले यंत्र सीअर्स या दुकानसाखळीमार्फतही विकत असे, आणि सीअर्स ते स्वतःच्या टेली-गेम्स या नावाखाली विके. ओघानेच खेळांची नावेही बदलली. अटारीचा 'कॉम्बॅट' हा सीअर्सकडे 'टँक-प्लस' झाला; 'एअर-सी बॅटल' हा 'टार्गेट फन' झाला; 'स्टार शिप' हा 'आउटर स्पेस' झाला. अंकगणिताच्या एका कॅसेटीचे तर तीन जन्म आहेत: अटारीकडे प्रथम 'बेसिक मॅथ', सीअर्सकडे नुसते 'मॅथ', आणि पुढे अटारीकडेच 'फन विथ नंबर्स'. आतील आज्ञावली तीच. मग ही तीन नावांची एक नोंद की तीन नोंदी? आणि हा घोळ खेळांपुरताच नाही. यंत्राचे नावही १९८२ साली बदलून '२६००' असे करण्यात आले. हर्मन यांच्या सूचीच्या शीर्षकात मात्र जुनेच आद्याक्षरी नाव आहे. याच्या उलट टोकाला सीअर्ससाठीच निघालेले, अटारीच्या स्वतःच्या नावाने न विकलेले 'स्टीपलचेस', 'स्टेलर ट्रॅक' व 'सबमरीन कमांडर' हे तीन खेळ होते. दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवून प्रत्येक कॅसेट प्रत्यक्ष लावून पाहिल्याखेरीज 'टँक-प्लस' हे रूपांतर आणि 'स्टीपलचेस' हे स्वतंत्र पद, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. 'कॉम्बॅट'च्या वेष्टनावर '२७ व्हिडिओ गेम' असे छापलेले असे. १९८० च्या 'स्पेस इनव्हेडर्स'वर हा आकडा ११२ आहे. वेग, अडथळे, खेळाडूंची संख्या यांत किरकोळ फरक करून झालेल्या प्रत्येक प्रकाराला कंपनी एक खेळ म्हणत होती. ग्राहकाला मालाचे माप भरघोस दिसावे एवढाच त्याचा हेतू. कंपनीचा शब्द प्रमाण मानला तर अटारीच्या खेळांची संख्या हजारोंवर जाते आणि सूची निरुपयोगी होते. संग्राहकांनी विक्रेत्याची ही गणना झुगारून 'एक कॅसेट, एक खेळ' असे एकक पत्करले. आज ते इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे कोणाचा निर्णय आहे हेच विसरले जाते. भाषाशास्त्रात पद कशाला म्हणावे यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. येथे ते काम कपाटासमोर जमिनीवर बसून झाले.

तिसरी अडचण कर्त्यांच्या नावांची. अटारी आपल्या आज्ञावलीकारांची नावे प्रसिद्ध करीत नसे. याच कारणाने, व मोबदल्याच्या वादाने, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन हे चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. तिने आपल्या खेळांवर कर्त्याचे नाव छापण्यास आरंभ केला. वॉरन रॉबिनेट यांनी वेगळा उपाय योजिला. १९८० साली निघालेल्या आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात त्यांनी एक गुप्त दालन ठेवले आणि त्यात स्वतःचे नाव झळकविले. अशा दडविलेल्या गोष्टीला 'ईस्टर एग' म्हणण्याचा प्रघात अटारीतच पडला व तो शब्द आज संगणकाच्या परिभाषेत रूढ आहे. आपल्याकडील संतकवींनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा गुंफली ती उघडपणे. या माणसाला ती भिंतीमागे लपवावी लागली. ज्यांनी नाव दडविले नाही आणि ज्यांचे कोणी छापलेही नाही, त्यांचा शोध पुढे याद्या करणाऱ्यांनी मुलाखती घेऊन, पत्रे लिहून, एकाने दुसऱ्याचे सांगितलेले नाव पडताळून घेतला. ही माहिती त्या माणसांच्या हयातीत गोळा झाली हे सुदैव. थोडी वर्षे उशीर झाला असता तर कित्येक नोंदींपुढे कर्त्याची जागा कायमची रिकामी राहिली असती.

या सुमारास दुसरे एक केंद्र तयार होत होते. १९९१ साली जो सांतुली व त्यांच्या मित्रांनी डिजिटल प्रेस हे हौशी नियतकालिक सुरू केले आणि त्यातूनच संग्राहकांसाठी मार्गदर्शक सूचीग्रंथ निघाले. या ग्रंथांचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक कॅसेटीपुढे दिलेला दुर्मीळतेचा एक ते दहा असा अंक. कोशात वापराची वारंवारता नोंदविण्यासारखीच ही कल्पना आहे. परंतु शब्दाची वारंवारता छापल्याने तो शब्द महाग होत नाही. कॅसेटीचे तसे नाही. छापील अंक विक्रेत्यांच्या हाती पडला की तो किमतीचा आधार होतो, किंमत वाढली की माळ्यावरच्या कॅसेटी बाहेर निघतात, आणि मग मूळ अंकच खोटा ठरतो. म्हणूनच अशा ग्रंथाच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. ज्या विषयाचे वर्णन करावयाचे त्या विषयालाच हलविणारा हा संदर्भग्रंथ आहे, आणि त्याच्या कर्त्यांना या दोषाची जाणीव असणारच. तरीही तो अंक गाळला असता तर ग्रंथ कोणी विकत घेतला नसता. सांतुली आणि त्यांचे सहकारी जॉन हार्डी व शॉन केली यांच्या खाजगी संग्रहांतून पुढे टेक्सास राज्यातील फ्रिस्को येथे २०१६ साली राष्ट्रीय व्हिडिओ गेम संग्रहालय उघडले.

स्वप्रकाशन हा नेहमी नकाराचाच परिणाम असतो असे मात्र नव्हे; कधी ते मोठ्या प्रकाशकाकडे जाणारी पायरीही ठरते. स्टीव्हन केंट यांनी २००० साली द फर्स्ट क्वार्टर हा पंचवीस वर्षांचा इतिहास स्वतः छापला. दुसऱ्याच वर्षी तो मोठ्या प्रकाशनसंस्थेने द अल्टिमेट हिस्टरी ऑफ व्हिडिओ गेम्स या नावाने बाजारात आणला व तो घरोघर पोहोचला. नाव बदलताना झालेला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. 'पहिला चतुर्थांश' हे शीर्षक आपली मर्यादा सांगते. 'परमोच्च इतिहास' हे ती नाकारते. पहिले कर्त्याचे, दुसरे विक्रेत्याचे. प्रवाह उलट्या दिशेनेही वाहिला. स्वतःचा ग्रंथ छापण्यासाठी हर्मन यांनी उभ्या केलेल्या रोलेन्टा प्रेसनेच २००५ साली राल्फ बेअर यांचे आत्मवृत्त, व्हिडिओगेम्स: इन द बिगिनिंग, प्रसिद्ध केले. ज्यांच्या कल्पनेतून हा सारा धंदा निघाला आणि ज्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविद्या पदक मिळाले, त्यांच्या आठवणी एका यादीकाराच्या घरगुती छापखान्याच्या नावाने छापल्या गेल्या. (हर्मन व बेअर 'व्हिडिओगेम' हा सामासिक शब्द जोडून लिहितात, केंट तोडून लिहितात. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि मराठीतही दोन्ही रूपे दिसतात.)

येथवरच्या ग्रंथांपैकी आरंभीचे ग्रंथ ज्या रीतीने छापले गेले ती रीत कर्त्याच्या खिशावर भार टाकणारी होती. जुन्या छपाईत पहिली प्रत सर्वांत महाग पडते. दर प्रतीचा खर्च आटोक्यात आणावयाचा तर बरीच प्रत एकदम काढावी लागते, आणि मग ती विकली जाईपर्यंत घरात रचून ठेवावी लागते. चूक सापडली तर ती पुढील आवृत्तीपर्यंत तशीच. नव्या शतकाच्या आरंभी मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणाऱ्या संस्था निघाल्या. अँडी स्लेव्हन यांचे १९८५ ते २००२ या काळातील खेळांचे व्हिडिओ गेम बायबल २००२ साली कॅनडातील ट्रॅफर्ड या अशाच संस्थेमार्फत आले. कर्ट कॅलाटा व सहकाऱ्यांचा चित्रकथात्मक साहसी खेळांवरील सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ २०११ साली ॲमेझॉनच्या क्रिएटस्पेस या सेवेतून निघाला. कागदपत्रे गोळा करणाऱ्या व्हेंडेल यांनी मार्टी गोल्डबर्ग यांच्यासह लिहिलेला अटारीचा सुमारे आठशे पृष्ठांचा इतिहास २०१२ साली सिझिजी कंपनी प्रेस या नावाखाली निघाला, तोही स्वप्रकाशितच. सिझिजी हे अटारीच्या संस्थापकांनी आपल्या उद्योगाला प्रथम दिलेले नाव.

या पद्धतीने भांडवलाचा प्रश्न सुटला, पण दोन नवे प्रश्न आले. एकेक प्रत छापताना रंगीत पृष्ठे फार महाग पडतात; त्यामुळे रंगांवरच ज्यांचा जीव आहे अशा खेळांची चित्रे कृष्णधवल छापण्याची पाळी अनेकांवर आली. दुसरा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे. छापण्याची मूळ प्रत कर्त्याला केव्हाही बदलता येत असल्याने आज घेतलेली प्रत आणि सहा महिन्यांनी घेतलेली प्रत यांत फरक असू शकतो, आणि मुखपृष्ठ, साल व ग्रंथक्रमांक मात्र तेच राहतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही स्थिती ओळखीची वाटेल. ग्रंथपालाची मात्र ती पंचाईत करते, कारण त्याच्या दप्तरात दोन्ही प्रती एकच आहेत. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या सेवेने रंगीत छपाईचा मार्ग मोकळा केला: ग्रंथ लिहून होण्यापूर्वी वाचकांकडून पैसे गोळा करावयाचे आणि मग एकदम मोठी छपाई करावयाची. कॉमोडोर ६४ या संगणकावरील सॅम डायर यांचा चित्रमय ग्रंथ २०१४ साली याच मार्गाने निघाला व त्यातून बिटमॅप बुक्स ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांच्या पानांवर आगाऊ वर्गणीदारांच्या नावांची यादी पाहिलेल्याला या योजनेत नवीन वाटण्यासारखे थोडेच आहे.

सनावळीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण या कोशांचा सर्वांत कच्चा भाग तोच. चलच्चित्राला प्रथम प्रदर्शनाचा दिवस असतो. अमेरिकेतील कॅसेटीला तसा दिवस बहुधा नसे. ती कारखान्यातून निघे, आज या गावी तर पंधरवड्याने त्या गावी पोहोचे. पडद्यावर दिसणारे साल हे स्वामित्वहक्काचे साल असते, विक्रीचे नव्हे. तरी ते हाताशी असल्यामुळे अनेक याद्यांत तेच उतरले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या जगद्विख्यात खेळाचीच गोष्ट घ्यावी. जपानात तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी निघाला, यात वाद नाही. अमेरिकेत निन्टेन्डोचे यंत्र ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क परिसरात प्रथम विकावयास आले. पण त्याबरोबरच हा खेळ दुकानात होता की तो नंतर आला, याविषयी एकमेकांशी न जुळणाऱ्या तारखा सर्वत्र छापलेल्या होत्या. फ्रँक सिफाल्डी यांनी २०१२ साली या तारखांचा माग काढला आणि त्यांतील एकही निर्विवाद सिद्ध करता येत नाही, असे दाखविले. एकाने छापले, दुसऱ्याने उतरविले, तिसऱ्याने दोघांचा आधार दिला. १९३४ च्या वेब्स्टर कोशात 'डॉर्ड' नावाचा, भाषेत कधीही नसलेला शब्द टिपणाच्या चिठ्ठीच्या चुकीच्या वाचनामुळे शिरला व पाच वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही. तेथे तर पगारी संपादकमंडळ होते. एकट्याने केलेल्या कोशात असे किती डॉर्ड असतील, ही भीती रास्त आहे; मात्र ते शोधण्याचे काम पुन्हा त्याच गोतावळ्यातील माणसांनी केले, हेही तितकेच खरे.

पॅट काँट्री यांनी २०१६ साली स्वतः प्रसिद्ध केलेल्या अल्टिमेट निन्टेन्डो या ग्रंथाचा विषय १९८५ ते १९९५ या काळातील निन्टेन्डोच्या पहिल्या अमेरिकन यंत्राचे खेळ हा आहे. कंपनीच्या परवान्याने तेथे निघालेले खेळ सुमारे पावणेसातशे. नेमका आकडा मोजणाऱ्यागणिक एक-दोनाने बदलतो. याचे कारण टेंजेन कंपनीच्या तीन कॅसेटींसारखी उदाहरणे. 'पॅक-मॅन', 'गॉन्टलेट' व 'आर.बी.आय. बेसबॉल' हे खेळ प्रथम परवान्याने निघाले आणि कंपनीचे निन्टेन्डोशी बिनसल्यावर तेच खेळ काळ्या रंगाच्या पेटीत विनापरवाना निघाले. काँट्री यांनी परवान्याचे व बिनपरवान्याचे असे दोन्ही वर्ग घेतले, हे त्यांच्या ग्रंथाचे मोठे गुण म्हणावे लागेल. कारण परवाना हा कंपनीचा निकष आहे, इतिहासाचा नव्हे. प्रमाणभाषेतील शब्द तेवढे घ्यावयाचे आणि बोलीतील टाकावयाचे, असा कोश करणाऱ्याला त्या भाषेचे अर्धेच दर्शन घडते.

या बाबतीत आपल्याकडील अनुभव बोलका आहे. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत जी यंत्रे मुलांच्या हाती आली, त्यांतील फार मोठा भाग निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकलांचा होता. यंत्रालाच 'व्हिडिओ गेम' किंवा 'टीव्ही गेम' म्हणत, आणि खेळाला 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा' या नावाने ओळखीत. एका कॅसेटीवर शेकडो, कधी लाखो खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत मोजकेच निघत. तेच खेळ दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पातळीपासून सुरू होणारे, पुन्हा पुन्हा येत. अटारीच्या '२७ व्हिडिओ गेम'चाच हा पुढचा अवतार. परवान्याची अट घालणाऱ्या कोणत्याही कोशात या कॅसेटींना जागा नाही. एका पिढीने जो खेळ खेळला तो कोशात एका नावाने आहे. त्यांनी तो ज्या कॅसेटीवर व ज्या नावाने खेळला ती कॅसेट आणि ते नाव तेथे नाही.

अमेरिकन व जपानी यंत्रांच्या बाहेरील माणसे या कामात शिरली की नोंदींची व्याप्ती कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण ब्राझीलच्या फेलिपे पेपे यांचा ग्रंथ होय. संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांचा हा कोश शंभराहून अधिक स्वयंसेवकांनी कित्येक वर्षे खपून लिहिला. २०१८ साली तो विनामूल्य वाटण्यात आला आणि २०१९ साली बिटमॅप बुक्सने त्याची छापील आवृत्ती काढली. संपादक एक, लेखक अनेक, आणि नफ्याची अपेक्षा नाही. एकट्याच्या कपाटाची मर्यादा ओलांडण्याचा हा मार्ग शब्दकोशांच्या जगात फार जुना आहे. या क्षेत्रात तो येण्यास फीनिक्सनंतर सुमारे पाव शतक लागले.

विद्यापीठे या विषयाकडे वळली ती मागाहून. स्टॅनफर्ड विद्यापीठाने स्टीफन कॅब्रिनेटी यांचा संगणकीय खेळांचा प्रचंड खाजगी संग्रह १९९८ साली स्वीकारला. गेम स्टडीज हे संशोधनपर नियतकालिक २००१ साली निघाले, व त्याचे संपादक एस्पेन आर्सेथ यांनी ते साल या विद्याशाखेचे पहिले वर्ष म्हणून घोषित केले. फीनिक्स तोवर सात वर्षांचा झाला होता. पहिले वर्ष कोणते हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक शाखा स्वतःकडे घेते, त्यात नवल नाही. मात्र या नव्या शाखेतील लेखक जेव्हा 'कॉम्बॅट, १९७७' असे सहज लिहितो तेव्हा ते नाव शीर्षस्थानी आणि 'टँक-प्लस' त्याच्या पोटात, ही व्यवस्था त्याला आयती मिळालेली असते. परीक्षकांच्या नजरेखालून न गेलेला ग्रंथ प्रमाण धरू नये, हा विद्यापीठीय नियम एरवी योग्य आहे. पण ज्या विषयाचा एकही परीक्षक अस्तित्वात नव्हता त्या काळातील ग्रंथाला तो लावणे म्हणजे मोल्सवर्थपूर्व मराठी शब्दसंग्रहाला छापील कोशाचा आधार मागण्यासारखे आहे.

अशा ग्रंथांची गरज कमी झाली आहे असे मानण्यास आधार नाही. सिफाल्डी यांनी २०१७ साली स्थापन केलेल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कोणत्याही अधिकृत रूपात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थपणे उपलब्ध करून द्यावेत यासाठी मागितलेली कायद्यातील सवलत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. परिणामी संशोधकाला खेळ पाहावयास त्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागते. खेळाविषयी छापलेली नोंद मात्र त्याला टपालाने मागविता येते.

शेवटी एका न झालेल्या खेळाची नोंद. अटारीने १९८२ साली 'स्वोर्डक्वेस्ट' नावाच्या चार खेळांच्या मालिकेची घोषणा केली. 'अर्थवर्ल्ड' त्याच वर्षी निघाला, 'फायरवर्ल्ड' १९८३ मध्ये, 'वॉटरवर्ल्ड' १९८४ मध्ये थोड्याच प्रतींत; चौथा 'एअरवर्ल्ड' बाजार कोसळल्याने राहूनच गेला. १९९० च्या दशकात यादी करणाऱ्याने त्याच्यापुढे 'निघाला नाही' असे लिहिले तर ते बरोबर होते, आणि कोरे नाव पाहून खेळ असेलच असे समजणाऱ्या वाचकाला ते सावधही करीत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अटारीच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या संग्रहात, चाळीस वर्षांनंतर, दुसऱ्याच माणसांनी नव्याने लिहिलेला 'एअरवर्ल्ड' समाविष्ट झाला. पुढील आवृत्ती काढणाऱ्याला आता ठरवावे लागेल की ही जुनी नोंद पुरी करावयाची, की त्याच नावाची दुसरी नोंद तिच्याखाली घालावयाची.